वाऱ्याकडं दोनशे पावलं

नाथाजीला कंपनीने चार दिवसांसाठी साताऱ्याला धाडायचं ठरवलं, तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या पोरीलाच जास्त आनंद झाला. सृष्टी बारा वर्षांची. चाचणी परीक्षा नुकतीच संपली होती. तिने वहीचं मधलं पान फाडलं, पट्टीने चार रकाने पाडले आणि रात्रीच्या जेवणाला बाप बसला तसं ते पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"गुरुवारी अजिंक्यतारा, शुक्रवारी ठोसेघर, शनिवारी सज्जनगड आनि रविवारी कास," ती म्हणाली. "तुमचं काम दुपारी संपतंय. मंग आपून जायचं. कासचं तीन वाजताचं बुकिंग सरफराजचाचांनी मोबाईलवरनं केलंय."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

हे खरंच होतं. गेले चौदा महिने नाथाजी सगळ्याला नाहीच म्हणत होता.

नाथाजी पवनचक्क्यांचा मेकॅनिक. कवठे महांकाळजवळच्या माळावर ज्या चक्क्या फिरतात, त्यांच्यात त्याची एकोणीस वर्षं गेली. हुशार माणूस असं त्याला कोणी म्हणत नसे, पण चक्कीचा ब्रेक बदलावा तर नाथाजीनंच, असं सगळे म्हणत. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर तीन-चार चक्क्यांचे ब्रेक झिजले होते, म्हणून त्याला आणि त्याचा जोडीदार सरफराजला तिकडं पाठवत होते. एरवी असं बाहेरचं काम निघालं की सृष्टीला जतला आक्काकडं सोडायचा. या वेळी आक्का लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. शेजारी ठेवायला त्याचं मन होईना. तेव्हा पोरीला बरोबर न्यायचं ठरलं.

चौदा महिन्यांपूर्वी विजयमालाला, त्याच्या बायकोला, ताप आला होता. ती म्हणाली, अंग लय दुखतंय, दवाखान्यात जाऊन येऊ का? नाथाजी डबा भरत होता. "पावसाळी ताप हाय. उतरल," असं म्हणून तो कामाला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा गाडी करून सांगलीला नेली. चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हा तो घाबरला नव्हता. जेव्हा घाबरायला पाहिजे होतं तेव्हाच घाबरला नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, तो आता सगळ्याला घाबरत होता. गॅसचा रेग्युलेटर तीनतीनदा बघायचा. पोरीला साधी शिंक आली की रक्त तपासायला न्यायचा. शाळेच्या टेम्पोवाल्याचे दोन्ही नंबर त्याच्याकडं होते, टेम्पोवाल्याच्या बायकोचाही होता. चक्कीवर पन्नास मीटर चढताना त्याचा श्वास वाढत नसे, कारण तिथं कमरेला बेल्ट असतो आणि बेल्टाचा हूक दोरीत असतो. खाली उतरलं की हूक कशात अडकवायचा हेच त्याला कळत नव्हतं.

तर गुरुवारी ते साताऱ्यात पोहोचले. काम झाल्यावर संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर गेले. दरवाजापाशी एक कुत्रं झोपलेलं होतं. "पिसाळलेलं असल. काय झालं म्हंजे?" असं म्हणून नाथाजीने पोरीला मागं फिरवलं. शुक्रवारी ठोसेघर. धबधबा बघायला बांधलेल्या सज्ज्यावर सगळी माणसं कठड्याला रेलून फोटो काढत होती, आणि नाथाजी कठड्यापासून पाच हात मागं, सृष्टीच्या पाठीवरच्या दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"आवं, म्हशीचं दावं धरल्यागत काय धरलंय?" सरफराज म्हणाला. "लोक बगाय लागलीत."

"बघू देत."

"पप्पा, मला पानी दिसतंच न्हाई. नुसता आवाज येतोय," सृष्टी म्हणाली.

"आवाज ऐक की मंग. लय चांगला आवाज हाय."

शनिवारी सज्जनगडाच्या अर्ध्या पायऱ्यांवर माकडं दिसली. तिथूनच ते परत आले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर सृष्टी कुणाशी बोलली नाही. खिडकीला डोकं टेकून बसली. सरफराजने दोनदा काहीतरी गंमत केली, पण ती हसली नाही. नाथाजीला वाटलं, रुसली तर रुसली, जित्ती हाय.

रविवारी सकाळी बसस्थानकामागच्या हॉटेलात मिसळ खाताना त्याने तिला जवळ घेऊन बसवलं.

आधीचे तीन दिवस ती पठारावरच्या कंट्रोल रूममध्ये बसायची. तिथले साहेब उदयसिंह. मोठ्या मनाचा माणूस, त्याने पोरीला खुर्ची दिली, बिस्किटं दिली. पण आज काम होतं चौतीस नंबरच्या चक्कीवर, आणि ती कंट्रोल रूमपासून लांब, पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला. काम संपवून परत पोर आणायला गेलं असतं तर कासची वेळ चुकली असती. शिवाय नाथाजीच्या मनात दुसरंही होतं. पोर जीपमध्ये चक्कीखालीच बसली तर वरच्या खिडकीतून ती त्याला दिसत राहणार होती. उदयसिंह आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, जीपमधनं उतरणार नसंल तर बसू दे.

"नीट ऐक," नाथाजी म्हणाला. "जीपमधनं उतरायचं न्हाई. पर चक्कीचं काय सांगता येत न्हाई. वर मोठा आवाज झाला, जळकट वास आला, तर चक्कीखाली एक मिनिट थांबायचं न्हाई. आग लागली तर पातं तुटून पडतं, ते वारा न्हेईल तिकडं पडतं. म्हनून काय करायचं?"

"वाऱ्याच्या उलट पळायचं."

"पळायचं न्हाई. पडशील. वाऱ्याकडं तोंड करायचं आनि सरळ चालायचं. दोनशे पावलं. मोजून. मंग थांबायचं, बसायचं, मी येईस्तवर हलायचं न्हाई. आनि चक्कीचा नंबर वरडायचा. नाव वरडून उपेग न्हाई, डोंगरावर नावानं कोन वळखत न्हाई. नंबर वरडला की कुनालाबी कळतं मानूस कुठं हाय ते."

हा नियम त्याने स्वतः तयार केलेला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी कामाला लागला त्या पहिल्या दिवशी त्याला तो शिकवला होता, आणि त्याने तो पुढं तीसेक पोरांना शिकवला होता. सृष्टीने तो पाढ्यासारखा म्हणून दाखवला. त्याने दोनदा म्हणून घेतला.

"आवं नाथाभाऊ, पोरीला कास दावायला आनलंय का कामाला लावायला?" सरफराज म्हणाला. "रजिस्टरवर सही घ्या आता तिची."

सृष्टी हसली. शनिवारनंतर पहिल्यांदाच हसली.

साडेनऊला ते चौतीस नंबरपाशी आले. हवा स्वच्छ होती. पठारभर पिवळी सोनकी फुललेली आणि लांबपर्यंत चक्क्यांच्या रांगा, सगळ्या फिरणाऱ्या. रविवार असल्याने खाली थांबायला तिसरा माणूस नव्हता. नाथाजीने जीप चक्कीपासून वीस हातांवर, खिडकीतून दिसेल अशी लावली. आपला मोबाईल फोटो काढायला पोरीला दिला, पण तिथं रेंज नव्हती. मग दोघं चक्कीच्या पोटातल्या शिडीने वर चढले.

वर टोकाला मशीनची खोली असते, जेमतेम टेम्पोएवढी. तिथं दोन तास काम चाललं. दर दहा मिनिटांनी नाथाजी हातातला पाना खाली ठेवून खिडकीतून वाकायचा. जीपचं पांढरं टप दिसायचं. एकदा सृष्टीने काचेतून हात बाहेर काढून हलवला. त्याने हात आत घे म्हणून खूण केली.

साडेअकराच्या सुमाराला तो वाकला, तर जीप नव्हती.

जीप नव्हती, रस्ता नव्हता, जमीनही नव्हती. खाली नुसतं पांढरं. धुकं वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आलं होतं आणि बघता बघता चक्कीच्या कमरेपर्यंत चढलं होतं.

"सरफराज, पोरगी दिसंना."

"धुकं हाय भाऊ. पोरगी हाय तिथंच हाय. नवीन ब्रेक एकदा चालवून बघू आनि उतरू. ईस मिनिटांचं काम."

त्याच वेळी उतरायला पाहिजे होतं, असं नाथाजी नंतर कितीदा तरी म्हणाला. पण काम अर्धवट टाकून चक्की सोडता येत नाही, ब्रेक न तपासता तर नाहीच. त्यांनी पाती अडकवून ठेवणारी कडी काढली. पाती हळूहळू फिरायला लागली. मग नाथाजीने ब्रेक दाबला.

नवीन ब्रेक पहिल्यांदा धरतो तेव्हा फार वाईट ओरडतो. डुकराला कापताना जसा आवाज येतो तसा, आणि तो लोखंडाच्या पोकळ खांबातून थेट खाली जातो. धूरही निघतो. जळक्या रबरासारखा वास सुटतो. नाथाजीला त्या आवाजाची आणि वासाची इतकी सवय होती की त्याच्या लक्षातच आलं नाही. एकदा दाबला, सोडला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दाबताना तो एकदम थांबला.

"सरफराज," तो म्हणाला, "हा आवाज खाली कसा ऐकू येतो रं?"

सरफराजने त्याच्याकडं बघितलं. त्यालाही सकाळी मिसळ खाताना पोरीला सांगितलेला नियम आठवला असावा. तो आपला हूक शिडीत अडकवून आधी उतरायला लागला.

पन्नास मीटरची शिडी नाथाजी त्या दिवशी कसा उतरला हे त्याला सांगता आलं नाही. दरवाजातून बाहेर पडला तर हात लांब केला की पंजा दिसत नव्हता. जीप हाताने चाचपून शोधावी लागली. मागचं दार उघडं होतं. सीटवर मोबाईल होता, बिस्किटांचा पुडा होता, आणि कासला घालायची म्हणून घडी करून ठेवलेली तिची नवी ओढणी होती.

"सृष्टे!" तो ओरडला. वारा समोरून येत होता. आवाज तोंडातून निघाला आणि पाठीमागं गेला.

सरफराज खाली वाकून गवत बघत होता. ओलं गवत एका रेषेत दबलेलं होतं. "हिकडं गेलीय, भाऊ," तो म्हणाला. "वाऱ्याकडं. तुमी सांगितलं तशीच गेलीय."

आणि तेव्हा नाथाजीने वाऱ्याकडं तोंड केलं.

कवठ्याच्या माळावर वाऱ्याकडं तोंड करून चाललं की आधी बाभळी लागतात, मग मटकीचं रान, मग डांबरी सडक. दोनशे काय, दोन हजार पावलं चाललं तरी काही होत नाही. त्याने नियम सांगितला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं तो माळ होता. चार दिवस या पठारावर काम करून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं की इथं वारा कड्यावरून येतो. चौतीस नंबरच्या पश्चिमेला थोडं पठार आहे, मग उतार आणि मग काहीच नाही. खाली खोरं. किती पावलांवर ते संपतं हे त्याने मोजलं नव्हतं. कुणी मोजतही नाही. तिकडं कशाला जायचं असतं?

पोरीला जीपमध्ये कुणी हात लावला नव्हता. साप आला नव्हता, कुत्रं आलं नव्हतं. तिला कड्याकडं त्यानेच पाठवलं होतं, पाठ करून घेऊन.

त्याने कान दिला. सगळीकडून चक्क्यांचा आवाज येत होता. धुक्यात तो आवाज मोठा होतो. पातं खाली येतं तेव्हा हवा कापल्यासारखा, एकामागून एक, डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून. त्यात पोरीचा आवाज असला तरी कळणार नव्हता.

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "साहेब, चौतीसवरनं नाथाजी बोलतोय. चक्क्या बंद करा."

"कुठल्या?" उदयसिंह म्हणाले.

"आजूबाजूच्या. दिसतील तेवढ्या."

"अरे, धुक्यात काय दिसतंय मला? झालंय काय? वर काय लागलंय का कुणाला?"

"पोरगी गेलीय साहेब. धुक्यात. कड्याच्या अंगाला. तिचा आवाज ऐकू यायचा तर चक्क्या बंद पाहिजेत. बंद करा, नायतर..." त्याला पुढचं बोलता येईना. सरफराजने वॉकीटॉकी घेतली. "साहेब, नंतर काय त्ये बोला. आता बटन दाबा."

मग उदयसिंह म्हणाले, "सगळ्याच बंद करतो. दोन मिनिटं लागतील थांबायला. हलू नका तोवर."

दोन मिनिटं. नाथाजी जीपचा आरसा धरून उभा राहिला. आधी डावीकडचा आवाज जड झाला. मग त्याच्यामागचा. पाती हळू हळू, जड जड होत गेली, जशी दमलेली माणसं एकेक करून खाली बसतात तशी. एक कुठंतरी लांब बराच वेळ करकरत राहिली. मग तीही थांबली. पठार इतकं गप झालं की धुक्याचे थेंब टपावर पडताना ऐकू आले. एकोणीस वर्षांत नाथाजीने चक्क्यांच्या डोंगरावर अशी शांतता ऐकली नव्हती. ती त्याला आवाजापेक्षा जास्त भयाण वाटली.

आणि मग ते आलं. बारीक, फाटलेलं, वाऱ्याबरोबर.

"चौतीस नंबर!"

थोड्या वेळाने पुन्हा. "चौतीस नंबर!"

नाथाजी पळणारच होता. सरफराजने त्याचा बेल्ट मागून धरला. "भाऊ, तुमी पडला तर तिला कोन आननार? दोरी लावा."

चक्कीवरून अडकलेला माणूस खाली सोडायला साठ मीटरची दोरी जीपमध्ये असते. सरफराजने तिचं एक टोक जीपच्या पुढच्या लोखंडी कड्याला बांधलं, दुसऱ्या टोकात नाथाजीचा हूक अडकवला. नाथाजी वाऱ्याकडं तोंड करून चालायला लागला. पाय उचलून टाकत नव्हता, जमिनीवरून सरकवत होता. एक पाय, दाबून बघायचं, मग दुसरा.

"चौतीस नंबर!"

"बस तिथंच! हलू नगंस!" तो ओरडला. पण त्याचा आवाज मागंच जात होता. तिला काही ऐकू जात नव्हतं. तिला वाटत होतं की कुणीच आलं नाही.

जमीन उतरती लागली. ऐंशी पावलं झाली असतील. दोरी ताणली आणि त्याला मागं ओढून थांबली.

"संपली!" मागून सरफराजचा आवाज आला. "भाऊ, दोरी संपली!"

पोरीचा आवाज पुढून येत होता. जवळ नव्हता, पण लांबही नव्हता. नाथाजीचा हात हुकावर गेला. उंचावर हूक सोडणाऱ्या पोरांना त्याने थोबाडीत मारलेल्या होत्या. हाताची बोटं ऐकेनात. त्याने डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा दाबून हूक उघडला. दोरी गवतात पडली. त्याने ती पायाने चाचपली, कुठं पडली ते लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, आणि मग गुडघ्यांवर बसून हातांनी जमीन बघत पुढं निघाला.

"सरफराज, हॉर्न वाजवत ऱ्हा!" तो ओरडला. हे मात्र ऐकू गेलं. मागं हॉर्न वाजायला लागला.

गवत संपलं, दगड लागले. दगड ओले. एक हात पुढं, मग गुडघा. आपल्याच श्वासाचा आवाज त्याला एवढा मोठा येत होता की पोरीची पुढची हाक चुकेल म्हणून तो श्वास धरून थांबत होता. तो मनात काही म्हणत नव्हता, देवाचं नाव घेत नव्हता. एकच विचार होता, ती उठून उभी राहू नये.

"चौतीस..." अगदी जवळून. आवाज बसला होता.

"सृष्टे."

"पप्पा?"

"उठू नगंस. उठायचं न्हाई. बोलत ऱ्हा, मी येतोय."

"मी दोनशे मोजली," ती रडत म्हणाली. "नीट मोजली. एकसुद्धा चुकवली न्हाई. आग लागली का? चाचा बरं हायत का?"

"काय न्हाई लागली आग. चाचा हॉर्न वाजवाय लागल्यात. बोलत ऱ्हा."

त्याच्या हाताला तिची चप्पल लागली, मग पाय. त्याने घोटा धरला. ती दगडाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, गार पडलेली. तिला ओढून छातीशी घेतली आणि मग त्याने तिच्या पुढं काय आहे ते बघितलं. पांढरं होतं. मागं होतं तसंच. त्याने हाताशी लागलेला लिंबाएवढा खडा उचलून पुढं टाकला.

आवाज आला नाही.

तो थांबला. अजून आला नाही.

तिची पावलं लहान होती. त्याची दोनशे पावलं चालली असती तर ती त्या खड्यामागं गेली असती.

हॉर्नच्या रोखाने ते दोघं बसूनच, मागं मागं सरकत परत आले. दोरी सापडली नाही, शोधलीही नाही. जीप दिसली तेव्हा सरफराजचा हात हॉर्नवरच होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आली का माझी मेकॅनिक?" तो म्हणाला, आणि मग तोंड फिरवून वॉकीटॉकीवर साहेबांना सांगायला लागला. पलीकडं उदयसिंहांनी शिवी दिली, मग "बरं झालं" म्हणाले, मग पुन्हा शिवी दिली. थोड्या वेळाने एकेक चक्की फिरायला लागली.

नाथाजीने पोरीला आपलं जाकीट घातलं, पाणी पाजलं. तिचे दात वाजत होते. मग म्हणाला, "मी तुला चुकीचं सांगितलं."

"काय?"

"वाऱ्याकडं जायचं न्हवतं. हितं तिकडं कडा हाय. मी आपल्या माळावरचं सांगितलं."

तिने त्याच्याकडं बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. "मंग बरोबर काय व्हतं?"

"मला ठाऊक न्हाई."

बापाच्या तोंडून असं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती परत गुडघ्यांत तोंड घालून बसली. सरफराजने हत्यारं भरली, दोरी गोळा केली. अडीच वाजायला आले तेव्हा धुकं पातळ झालं, जीपपुढचं गवत दिसायला लागलं.

"निघू," सरफराज म्हणाला. "अजून गाठू कास. थोडा उशीर झाला तर हात जोडू तिथल्या मानसाच्या. काय मेकॅनिक?"

"नको," सृष्टी म्हणाली. "घरी जाऊया."

"आवं, एवढं बुकिंग केलंय की."

"नको. तिथं काय झालं म्हंजे?"

नाथाजीने मान वर केली. आवाज पोरीचा होता, पण बोलणं त्याचं होतं, शब्दासकट. दरवाजातल्या कुत्र्यापाशी तो हेच म्हणाला होता, पायऱ्यांवरही हेच. चौदा महिने घरात हेच चाललं होतं. आता ते तिच्या तोंडात बसलं होतं, आणि एकदा बसलं की ते जात नाही हे त्याला ठाऊक होतं. खडा टाकल्यावर वाटली होती त्याहून मोठी भीती त्याला आता वाटली. घरी न्यायला तो चार दिवस टपून होता. पण आता तिला अशीच घरी नेली, तर ती पुन्हा कधी बाहेर पडणार नव्हती.

तो जीपमधून उतरला. "चल," तो म्हणाला. "बघून येऊ."

"काय?"

"तू बसली व्हतीस ती जागा. आता दिसतीय."

"मला न्हाई बघायचं."

"मला बी न्हाई बघायचं. माझं पाय बघ."

तिने खाली बघितलं. त्याच्या विजारीचे पाय खरोखरच लटलट कापत होते. त्याने ते लपवले नाहीत. ती थोडा वेळ त्या पायांकडं बघत राहिली आणि मग उतरली.

दोघं हात धरून चालत गेले. सोनकीचं रान ओलं होतं. दगड दिसला तसे ते दहा पावलं अलीकडं थांबले. "हितनं पुढं झोपून," नाथाजी म्हणाला. बाप आणि लेक, दोघं गवतात पालथे झाले आणि सरड्यासारखे सरकत पुढं गेले. मागून सरफराज ओरडला, "आवं, कपडं कोन धुनार?"

दगडाच्या पुढं चार हातांवर पठार संपत होतं. त्याखाली धुकं फाटत होतं, आणि फाटलं तिथून खोरं दिसत होतं. भाताची खाचरं, काडेपेटीएवढी घरं, एक लाल बस वळणावरून चाललेली, आणि नदी. नाथाजीने सृष्टीच्या कमरेला जाकिटाची मूठ घट्ट धरली होती. किती तरी वेळ ती डोळे मिटून होती, मग एक डोळा उघडला.

"ती नदी कंची?" तिने विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"अन त्ये गाव?"

"त्ये बी न्हाई. इचारू कुनाला तरी."

मागं हॉर्न वाजला. तीन वाजायला आले होते.

"थोडं पुढं जाऊ?" सृष्टी म्हणाली. "बस दिसंना झाली."

नको, हा शब्द नाथाजीच्या जिभेवर आला होता. त्याने जाकिटाची मूठ सोडली नाही.

"एक वीतभर," तो म्हणाला.

ती एक वीत पुढं सरकली. मग तोही सरकला.